विश्लेषण : मोबाइलला पुढचा शब्द कसा सुचतो? २० हजार अक्षरे हाताने मोजणाऱ्या गणितज्ञाची कहाणी काय?

मोबाइलवर ‘मी उद्या’ एवढेच टाइप केले की कीबोर्ड ‘येतो’, ‘सकाळी’, ‘सांगतो’ असे शब्द पुढे करतो. इंग्रजीतील व्याख्यान सुरू केले की खाली मराठी सबटायटल सरकू लागतात. एखादा प्रश्न विचारला की चॅटबॉट एकेक शब्द जोडत परिच्छेद लिहून देतो. या सगळ्यामागे एक जुना प्रश्न आहे : आधी जे आले त्यावरून पुढे काय येण्याची शक्यता किती? हा प्रश्न एखाद्या पुस्तकाला धरून आकड्यांत सोडवण्याचे काम रशियात १९१३ मध्ये झाले. तेव्हा संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि अलेक्झांडर पुश्किनची एक पद्य कादंबरी एवढीच सामग्री होती. ते करणाऱ्या गणितज्ञाचे नाव आंद्रेई आंद्रेयेविच मार्कोव्ह. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘मार्कोव्ह साखळी’ माहीत असते, ती एका मॅट्रिक्सच्या आणि सहा-सात गुणांच्या रूपात. त्या मॅट्रिक्समागे केवढे भांडण होते, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

कुबड्यांवर चालणारा मुलगा

मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ मध्ये मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझान शहरात झाला. वडील वनखात्यात नोकरीला होते. पुढे एका जमीनदार कुटुंबाच्या इस्टेटीचे व्यवस्थापक म्हणून ते सेंट पीटर्सबर्गला आले. छोट्या आंद्रेईच्या पायात दोष होता आणि साधारण दहा वर्षांचा होईपर्यंत तो कुबड्या घेऊनच चालत असे. शस्त्रक्रियेनंतर तो नीट चालू लागला.

शाळेत गणित सोडले तर बाकी विषयांत त्याची प्रगती बेताचीच होती. मात्र शाळेत असतानाच त्याने समीकरणे सोडवण्याची एक पद्धत स्वतः शोधून काढली आणि ती थेट त्या काळच्या मोठ्या गणितज्ञांना कळवली. पद्धत नवी नव्हती, आधीच कुणी तरी शोधलेली निघाली. पण त्या पत्रामुळे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातील प्राध्यापकांशी ओळख झाली. १८७४ मध्ये तिथेच प्रवेश मिळाला आणि पाफनुती चेबिशेव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. १८७८ मध्ये सुवर्णपदकासह पदवी, १८८४ मध्ये डॉक्टरेट, १८८६ मध्ये विज्ञान अकादमीत प्रवेश आणि १८९६ मध्ये पूर्ण सदस्यत्व, अशी वाटचाल झाली. ज्या इस्टेटीवर वडील काम करत, त्याच घरातील मारिया हिला ते गणित शिकवत. १८८३ मध्ये दोघांचा विवाह झाला.

इथवरची हकिगत एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही हुशार प्राध्यापकाची असू शकते. मार्कोव्ह वेगळे होते ते स्वभावाने.

‘संतापी आंद्रेई’

गणितातील ढिसाळपणा आणि सत्तेचा आगाऊपणा, दोन्ही त्यांना सारखेच खपत नसत. सहकाऱ्यांनी त्यांना दिलेल्या टोपणनावाचा अर्थ ‘संतापी आंद्रेई’ असाच होता. १९०२ मध्ये लेखक मॅक्सिम गॉर्की यांची अकादमीवर झालेली निवड झारच्या नाराजीमुळे रद्द झाली, तेव्हा मार्कोव्ह यांनी उघड निषेध नोंदवला. १९०८ मध्ये विद्यार्थ्यांच्या चळवळींवर प्राध्यापकांनी नजर ठेवावी, असे सरकारचे फर्मान आले. शिकवणे सोडणार नाही, पण सरकारचा हेर होणार नाही, अशी लेखी भूमिका त्यांनी घेतली.

१९१२ मध्ये तर त्यांनी ऑर्थोडॉक्स चर्चकडे अर्ज केला, की मला धर्मातून बहिष्कृत करा. लिओ टॉलस्टॉय यांना चर्चने १९०१ मध्ये बहिष्कृत केले होते, तो संदर्भ ताजा होता. अर्जाला जोडायचा पुरावा म्हणून त्यांनी संभाव्यतेवरील स्वतःच्याच पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवले. त्यांची समजूत घालण्याचे प्रयत्न वाया गेले आणि चर्चनेही अखेर त्यांचे नाव आपल्यातून गेल्याचे मान्य केले. पुढच्या वर्षी रशियात रोमानोव्ह राजघराण्याच्या ३०० वर्षांचा सोहळा दणक्यात सुरू होता. त्याच वर्षी मार्कोव्ह यांनी अकादमीत वेगळाच वर्धापनदिन साजरा केला : जेकब बर्नोली यांच्या ‘मोठ्या संख्यांच्या नियमा’ची २०० वर्षे. हा नियमच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या भांडणाच्या मुळाशी आहे.

नाणे, लग्ने आणि इच्छास्वातंत्र्य : वाद काय होता?

नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा पडू शकतो. दहा हजार वेळा उडवले तर छाप्याचे प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ येते. ‘मोठ्या संख्यांचा नियम’ म्हणजे ढोबळमानाने एवढेच. मात्र त्याच्या जुन्या सिद्धतेत एक अट गृहीत धरलेली होती. प्रत्येक फेक स्वतंत्र हवी. आधीच्या फेकीचा पुढच्या फेकीवर परिणाम नको.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील संख्याशास्त्रज्ञांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. एखाद्या देशात दरवर्षी होणारी लग्ने, गुन्हे, आत्महत्या यांचे आकडे फारसे हलत नाहीत. प्रत्येक माणूस स्वतःच्या मनाने लग्न करतो, तरी एकूण सरासरी स्थिर राहते. मग माणसाच्या इच्छेला अर्थ काय, असा प्रश्न उभा राहिला.

मॉस्कोचे गणितज्ञ पावेल नेक्रासोव्ह यांनी १९०२ च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. नेक्रासोव्ह यांचे सुरुवातीचे शिक्षण धर्मशास्त्राचे होते आणि राजनिष्ठा व धर्मनिष्ठा दोन्ही पक्क्या होत्या. त्यांचा युक्तिवाद असा : सरासरी स्थिर आहे, म्हणजे मोठ्या संख्यांचा नियम लागू आहे. हा नियम लागू व्हायला घटना स्वतंत्र असाव्या लागतात. म्हणजे माणसांच्या कृती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. म्हणजे इच्छास्वातंत्र्य आहे, आणि तेही गणिताने सिद्ध झाले.

मार्कोव्ह यांना यात दोन गोष्टी खटकल्या. गणिताला देवाधर्माच्या कामाला जुंपणे त्यांना पटणारे नव्हतेच. त्याहून मोठी चूक तर्कातच होती. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, म्हणून रस्ता ओला दिसला की पाऊसच पडला, असे होत नाही. टँकरही गळला असेल. स्वातंत्र्य असले की नियम लागू होतो हे खरे. पण नियम लागू झाला म्हणून स्वातंत्र्य आहेच, हे कुठून आले?

केवळ टीका करून ते थांबले नाहीत. एकमेकींवर अवलंबून असलेल्या घटनांनाही हा नियम लागू होऊ शकतो, हे त्यांनी १९०६ मध्ये कझान येथील नियतकालिकातील निबंधात दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी घटनांची एक साधी रचना कल्पिली. पुढची पायरी केवळ आताच्या पायरीवर अवलंबून असेल. त्याआधी काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नसेल. साप-शिडीत ३४ व्या घरात असलेली सोंगटी पुढे कुठे जाईल, हे ३४ आणि फाशावर ठरते. ती ३४ वर कशी पोहोचली, शिडीने की सापाने, याला महत्त्व नसते. कडीला कडी अडकावी तशी ही रचना असल्याने तिला पुढे ‘मार्कोव्ह साखळी’ हे नाव पडले.

पुश्किनच्या कवितेचे त्यांनी काय केले?

सिद्धांत कागदावर बरोबर होता. आता असे उदाहरण हवे होते की ज्यात घटना एकमेकींवर अवलंबून आहेत, याबद्दल कुणालाच शंका राहू नये. मार्कोव्ह यांनी भाषा निवडली. एक अक्षर लिहिले की पुढचे अक्षर कोणतेही येऊ शकत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते.

त्यांनी घेतले पुश्किनचे ‘येवगेनी ओनेगिन’, रशियात घरोघरी माहीत असलेली पद्य कादंबरी. पहिला अध्याय पूर्ण आणि दुसऱ्यातील १६ कडवी. विरामचिन्हे आणि शब्दांमधील जागा त्यांनी काढून टाकल्या. रशियन लिपीतील ज्या दोन चिन्हांना स्वतःचा उच्चार नाही, तीही गाळली. उरली २० हजार अक्षरे, एका ओळीत, सलग. ही ओळ त्यांनी दहा बाय दहाच्या चौकोनांत भरली. एका चौकोनात १०० अक्षरे, असे २०० चौकोन. मग प्रत्येक चौकोनात आडवे-उभे स्वर मोजायला बसले.

एकूण स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजने ११,३६२. म्हणजे डोळे मिटून एखाद्या अक्षरावर बोट ठेवले तर ते स्वर असण्याची शक्यता ४३ टक्के. अक्षरे नाण्याच्या फेकीसारखी स्वतंत्र असती तर स्वराच्या पुढे स्वर येण्याची शक्यताही ४३ टक्केच निघाली असती आणि अशा सुमारे ३,७०० जोड्या सापडल्या असत्या. प्रत्यक्षात मार्कोव्ह यांना सापडल्या १,१०४. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के होती, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ६६ टक्के. अक्षरे एकमेकांवर अवलंबून आहेत, यात आता संशय राहिला नाही. तरीही चौकोनामागून चौकोन मोजत गेल्यावर स्वरांची सरासरी ४३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहत होती. नियम लागू होता आणि स्वातंत्र्य मात्र नव्हते. नेक्रासोव्ह यांचा मुद्दा त्यांच्याच मैदानात खोडला गेला.

जानेवारी १९१३ मध्ये मार्कोव्ह यांनी हे निष्कर्ष सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत मांडले. तेवढ्यावर समाधान न झाल्याने पुढे सर्गेई अक्साकोव्ह यांच्या गद्य पुस्तकातील एक लाख अक्षरेही मोजली. हाताने एक लाख अक्षरे मोजण्यात किती तास गेले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. साठीच्या उंबरठ्यावरचा नामवंत गणितज्ञ कारकुनी वाटेल असे हे काम करत होता, कारण आकडे दुसऱ्याच्या भरवशावर घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

एक गोष्ट मात्र नीट पाहायला हवी. कवितेचा अर्थ मार्कोव्ह यांनी पूर्णपणे बाजूला ठेवला होता. ओनेगिन कोण, तात्याना कोण, द्वंद्वयुद्धात कोण मेले, यातले काहीही त्या चौकोनांत नव्हते. होती ती केवळ अक्षरांची जोडीदारी. भाषा न समजताही तिच्याबद्दल बरेच काही मोजता येते, हे त्यातून दिसले. आणि जे मोजले नाही त्याबद्दल काहीच कळत नाही, हेही.

शाळामास्तर आणि न बसणारे बूट

विद्यापीठातून मार्कोव्ह १९०५ मध्येच निवृत्त झाले होते, पण संभाव्यतेचा वर्ग त्यांनी सोडला नाही. शालेय शिक्षणाबद्दलही ते आग्रही होते. १९१५ मध्ये माध्यमिक शाळांत संभाव्यता शिकवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला मार्कोव्ह यांनीच विरोध केला. प्रस्तावामागे नेक्रासोव्ह होते. विषय आवडीचा असला तरी तो चुकीच्या पद्धतीने मुलांपर्यंत जाऊ नये, असे त्यांना वाटत होते. यात तत्त्व किती आणि जुने वैर किती, हा प्रश्न मात्र उरतोच.

१९१७ च्या क्रांतीच्या धामधुमीत राजधानीत अन्नाचे हाल सुरू झाले. मार्कोव्ह यांनी अकादमीकडे विनंती करून कुटुंबासह रियाझान प्रांतातील झारायस्क या लहानशा गावात मुक्काम हलवला. तिथल्या शाळेत त्यांनी गणित शिकवले, तेही विनावेतन. जगभर नाव असलेला ६१ वर्षांचा अकादमी सदस्य गावच्या शाळेत फळ्यासमोर उभा होता. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना पुन्हा पेट्रोग्राडला परतावे लागले. १९२१ मध्ये पायात घालायला बूट नसल्याने बैठकांना येता येत नाही, असे त्यांनी अकादमीला कळवले. अकादमीने बूट पाठवले. ते वेडेवाकडे शिवलेले आणि मापाचे नसल्याचे मार्कोव्ह यांनी पुन्हा लेखी कळवले. २० जुलै १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगाही आंद्रेई मार्कोव्ह याच नावाने गणितज्ञ झाला आणि संगणकशास्त्राला पायाभूत ठरलेल्या अल्गोरिदमच्या सिद्धांतात त्याने मोलाची भर घातली.

वडिलांना मात्र आपल्या साखळीचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे वाटल्याच्या खुणा त्यांच्या कामात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी तो एका चुकीच्या युक्तिवादाला दिलेला जबाब होता.

पुश्किनपासून गूगलपर्यंत ही साखळी कशी आली?

१९४८ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समधील क्लॉड शॅनन यांनी माहितीचे गणित मांडताना हीच साखळी इंग्रजीला लावली. त्यांची युक्ती घरीही करून पाहता येईल अशी होती. पुस्तक कुठेही उघडा, एक अक्षर निवडा. मग दुसरे पान उघडून ते अक्षर सापडेपर्यंत वाचा आणि त्याच्या पुढचे अक्षर टिपा. पुन्हा तेच करा. अशी जोडलेली अक्षरे इंग्रजीसारखी ‘दिसू’ लागतात. अक्षरांऐवजी शब्द घेतले की वाक्यासारखे काही तरी तयार होते. आजचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, त्याची ही पहिली आवृत्ती.

१९७० च्या दशकात आयबीएम आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात बोलणे ओळखणाऱ्या यंत्रांसाठी ‘हिडन मार्कोव्ह मॉडेल’ वापरले जाऊ लागले आणि पुढची तीनेक दशके या क्षेत्रावर त्याचेच राज्य होते. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी इंटरनेटलाच एक मोठी साखळी मानले. एक काल्पनिक माणूस एका पानावरून दिसेल त्या लिंकवर जातो, तिथून पुढच्या. फार काळ भटकल्यावर तो कोणत्या पानावर जास्त वेळा सापडेल, त्यावरून पानाचे महत्त्व ठरते. गूगलचा शोध उभा राहिला तो या ‘पेजरँक’वर.

२००६ मध्ये सुरू झालेले गूगल ट्रान्सलेट सुरुवातीला अशाच संख्याशास्त्रीय पद्धतीवर चालत असे. २०१६-१७ मध्ये न्यूरल नेटवर्क आले. मराठीला ते २०१७ मध्ये मिळाले. आजची मोठी भाषा-मॉडेल एका अक्षरावर थांबत नाहीत, हजारो शब्द मागे पाहतात, आणि त्यांचे गणित जोड्या मोजण्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे. पण त्यांना विचारला जाणारा प्रश्न तोच आहे : इथवर हे आले, आता पुढे काय?

मराठी विद्यार्थ्याला याची अडचण कुठे येते?

मार्कोव्ह यांच्याकडे मोजायला पुश्किन होता. मराठीत मोजायचे काय, हा खरा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. मात्र इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख असताना मराठीवर ते एक लाखाच्या आसपास आहेत. छापील मराठीचा इतिहास दोनशे वर्षांचा असला तरी त्यातले बरेचसे यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. पुस्तकांची स्कॅन केलेली पाने म्हणजे यंत्रासाठी नुसती चित्रे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पुस्तके, परिपत्रके, अंक यांचे तर आणखीच विचित्र. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. मोजणी त्या काल्याची होते.

लिपीचाही स्वतंत्र पेच आहे. मार्कोव्ह यांचा प्रयोग मराठीवर करायचा तर पहिल्याच पायरीवर थांबावे लागेल. ‘क’ हे एक अक्षर की ‘क्’ आणि ‘अ’ अशी दोन? ‘घर’ म्हणताना शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही, मग तो स्वर मोजायचा की नाही? ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहिताना सारखा, बोलताना वेगळा. संगणक याची उत्तरे स्वतःच्या सोयीने काढतो. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द त्याच्या लेखी १५ चिन्हांचा आहे : व्यंजने, काने, वेलांटी, हलन्त, अनुस्वार असे सुटे सुटे. प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एका शब्दाला ४५. इंग्रजीत ‘स्टुडंट्स’ ८ बाइटमध्ये मावतो. भाषा-मॉडेल मजकुराचे तुकडे करून चालतात आणि वापराचे पैसेही बहुधा तुकड्यांवर ठरतात. त्यामुळे तीच गोष्ट मराठीत विचारणे अनेकदा महाग पडते.

त्यात मराठीचा स्वभाव शब्दाला प्रत्यय चिकटवण्याचा. विद्यार्थी, विद्यार्थ्याने, विद्यार्थ्यांसाठी, विद्यार्थ्यांमधील… इंग्रजीत एका शब्दाची जी मोजणी एका खात्यात जमा होते, ती मराठीत डझनभर खात्यांत विखुरते. मजकूर आधीच कमी, त्यात प्रत्येक रूपाच्या वाट्याला त्याहून कमी.

ऑनलाइन शिक्षणात याचा थेट फटका बसतो. केंद्राचे ‘स्वयं’ व्यासपीठ २०१७ पासून आहे. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ व्याख्यानांचे मराठीसह अनेक भाषांत अनुवाद होत आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची मुभा दिली आणि पुस्तकांच्या अनुवादासाठी ‘अनुवादिनी’ हे साधनही आणले. इथे एक चुकीचा शब्द परीक्षेत गुण घालवू शकतो. इंग्रजी ‘चार्ज’ला मराठीत आरोप, शुल्क, कार्यभार आणि विजेचा प्रभार असे चार अर्थ. यंत्राने मोजलेल्या मजकुरात बातम्या जास्त आणि भौतिकशास्त्र कमी असेल, तर इलेक्ट्रॉनवर ‘शुल्क’ लागायला वेळ लागत नाही. ‘फिल्ड’चे ‘क्षेत्र’ व्हायच्या जागी ‘शेत’ होते. वाचणारा विद्यार्थी ग्रामीण भागातला, पहिल्यांदाच तो विषय शिकणारा असेल, तर चूक यंत्राची आहे की आपल्याला समजत नाही, हे तो कशावरून ठरवणार? इंग्रजी येणाऱ्याला मूळ वाक्य पाहण्याची सोय असते. ज्याच्यासाठी अनुवाद केला, त्याला ती नसते.

पुढचा धोका कोणता?

इंटरनेटवर आता यंत्राने लिहिलेला मजकूर झपाट्याने वाढतो आहे आणि पुढची यंत्रे त्यावरच शिकणार आहेत. यंत्राच्याच मजकुरावर यंत्राला पिढ्यानपिढ्या शिकवत गेले तर काय होते, याचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. क्वचित येणाऱ्या गोष्टी आधी गळतात, मग सगळेच एकसुरी होत जाते. जी भाषा आधीच थोडी नोंदली गेली आहे, तिच्यात माणसाचा मजकूर यंत्राच्या मजकुराखाली लवकर दबू शकतो. मराठीत ‘क्वचित’ म्हणजे अहिराणी, मालवणी, वऱ्हाडीतले शब्द, शेतीची आणि अलुतेदारांच्या कामांची नावे, शास्त्रांच्या परिभाषा. मार्कोव्ह यांच्या चौकोनांत भरलेली अक्षरे पुश्किनची आहेत, याची खात्री तरी होती.

यावर कामही सुरू आहे. केंद्राच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात आणि आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटात भारतीय भाषांचा मजकूर व आवाज गोळा केला जातो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सॉफ्टवेअरचे धडे माणसांनीच मराठीतून बोललेले आहेत. तिथल्याच ‘उडान’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. आधी तांत्रिक शब्दांचे छापील कोश यंत्राला वाचता येतील अशा रूपात आणायचे, मग पुस्तकाचा यांत्रिक अनुवाद करायचा आणि शेवटी तो विषय जाणणाऱ्या माणसाने ओळ न् ओळ तपासायची. ‘शुल्क’ खोडून ‘प्रभार’ लिहिण्याचे काम आजही तोच करतो.